मुद्दा क्रमांक चार

शनिवार पेठ, पुणे
६ जुलै २००९

रामदासमामा,
सप्रेम जय भीम.

मी धम्मदीप, गोदाबाईचा मुलगा. ओळख द्यावी लागते, कारण गेल्या अकरा वर्षांत तुम्ही मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला समोर आलो, तेव्हाही शेजारच्याला विचारलंत, "हा पण आलाय का?" फोन दोनदा केला. अक्षताने उचलला आणि म्हणाली, "पप्पा सांगताहेत, ते घरी नाहीत." म्हणून पत्र.

गर्द सोडून मला सहा वर्षं झाली. आता ज्या संस्थेत काम करतो, तिच्या शनिवार पेठेत दोन खोल्या आहेत. दीक्षा नावाची एक नर्स आणि मी, आम्ही वस्त्यांमध्ये प्रशिक्षन देतो. नशेची मात्रा जास्त होऊन कुणी बेशुद्ध पडला, तर ते ओळखायचं कसं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं कसं, एवढंच शिकवतो. आता पोलिसांसाठीही वर्ग सुरू केलेत. मागच्या महिन्यात वीस पोलीस आले, म्हणजे पाठवले गेले. सात जण झोपले. चौघे बाहेर फोनवर होते. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा एकच प्रश्न आला, "जेवण आहे का?"

आमचं ते ऐकत नाहीत. मी जुना गर्दुल्ला आणि दीक्षा बाई. तुमच्यासारखा तीस वर्षं नोकरी केलेला सहायक फौजदार शेजारी बसला, तर निदान जागे तरी राहतील. बोलू नका. नुसते बसा.

सोबत आमचा माहितीचा कागद जोडला आहे.

आपला,
धम्मदीप


खडकी
११ जुलै २००९

चि. धम्मदीप,
जय भीम. 'चि.' सवयीने पडलं आहे, त्यातून काही अर्थ काढू नकोस.

पत्र मिळालं. 'प्रशिक्षण' हा शब्द तू चुकीचा लिहिला आहेस. ज्याला शब्द लिहिता येत नाही, तो ते देतो आहे, हे या शहरात चालायचंच.

गर्दुल्ल्यांना वाचवायचं शिक्षण पोलिसांना! छान. पुढच्या महिन्यात खिसेकापूंची बोटं चेपून द्यायचा वर्ग काढा. आमची अक्षता हिंजवडीला कंपनीत आहे. तिथे हसायचं कसं, याचाही वर्ग असतो म्हणे. सगळे वर्गात बसल्यावर कामं कोण करणार, हे मात्र कुठल्याच वर्गात सांगत नाहीत.

आणि शिकवणार कोण? तर तू. संतोष कात्रजच्या उतारावर पडला होता आणि तू त्याला टाकून पळत होतास. मी आमच्या गाडीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या आईला, वेणूबाईला, ते मीच सांगितलं. तुझ्या आईलाही सांगितलं. भाचा म्हणून लपवलं नाही. वेणूबाई तुझ्या दारात येऊन थुंकली, ती उगीच नाही. ज्याने जिवाभावाच्या मित्राला कुत्र्यासारखं मरू दिलं, त्याने लोकांना जीव वाचवायला शिकवायचं आणि मी शेजारी बसून मान डोलवायची?

कागद वाचलेला नाही. गच्चीतल्या कुंडीखाली पाणी झिरपतं, तिथे घातला आहे. उपयोगी पडला.

रामदास


शनिवार पेठ
१६ जुलै २००९

मामा,
जय भीम.

तुम्ही सुरुवात केलीच आहे, तर मीही सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

त्या वर्षी पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या कंपन्या उघडत होत्या. संतोष आणि मी त्यांच्या वायरी टाकायचो. छताच्या पोकळीतून सरपटत जायचं आणि भोकातून वायर खाली सोडायची. खाली एसीत बसलेल्यांना आमचे फक्त पाय दिसायचे. एका ऑफिसात संतोषने पाणी मागितलं, तर साहेबाने शिपायाला सांगितलं, "त्याला बाहेरच्या नळावरचं दे." गर्दची सवय त्यामुळे लागली असं मी म्हणत नाही. आमची आम्हीच लावून घेतली.

मार्च अठ्ठ्याण्णव, भर दुपार. त्याने सुई घेतली आणि पाच मिनिटांत माझ्या अंगावर कलंडला. मी त्याच्या थोबाडीत मारल्या, अंगावर पाणी ओतलं, नाकाला कांदासुद्धा लावला. आता कळतं, सगळं चुकीचं करत होतो. तेवढ्यात तुमची गाडी दिसली. मी गाडीला हात केला, मामा. हात केला, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि पळालो. का पळालो? पंधरा दिवसांपूर्वी आमच्यातल्याच कचरूने त्याच्या मित्राला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मित्र वाचला आणि कचरूला पोलिसांनी असा तुडवला, की त्याचा कान अजून वाहतो. तेव्हा आमच्यात एकच शहाणपण होतं, पोलीस दिसले की पळायचं.

पळालो, हे खरं. पण मला वाटलं, पोलीस आहेत, मामा आहेत, त्याला उचलतील. तुमची गाडी थांबलीच नसणार, कारण कागदोपत्री असं आहे, की तो संध्याकाळी रस्त्याच्या कडेला मेलेला सापडला. तुम्ही हात बघितला नसेल. पळणारा मात्र बरोबर बघितलात.

कागद दुसरा पाठवतो. सगळा वाचू नका. मुद्दा क्रमांक चार वाचा. पोलिसांना तोच सगळ्यात कमी पटतो.

धम्मदीप


खडकी
२ ऑगस्ट २००९

चि. धम्मदीप,

तुझ्या कागदात मुद्दा क्रमांक चार असा छापला आहे: 'बेशुद्ध माणूस घशात पाणी अडकल्यासारखा मोठ्याने घोरत असेल, तर तो झोपलेला नाही. त्याचा श्वास बंद पडत चालला आहे.'

हे छापण्याआधी कुणा डॉक्टरला विचारलं होतं का? तीस वर्षांत हजारभर दारुडे घोरताना मी पाहिले. सकाळी उठून सलाम करून गेले. झोपलेला कोण आणि मरणारा कोण, हे साध्या हवालदाराने कसं ओळखायचं? आणि असं घोरणं सुरू झाल्यावर हातात किती वेळ असतो? दहा मिनिटं? तास? ते कुठेच लिहिलेलं नाही. अर्धवट माहिती लोकांत वाटू नये.

उलट टपाली कळव.

रामदास


शनिवार पेठ
५ ऑगस्ट २००९

मामा,
जय भीम.

तुमच्या शंका वाचून दीक्षा खूश झाली. म्हणाली, पोलीस खात्यातून आलेला पहिला शहाणा प्रश्न. मी तिला म्हटलं, खूश होऊ नकोस, ते चूक शोधताहेत. उत्तर तिनेच सांगितलं आहे, मी फक्त लिहितो.

ओळखणं सोपं आहे. हाक मारा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासा. झोपलेला शिवी देईल, मरणारा काही करणार नाही. ओठ आणि नखं बघा, निळी-काळी पडतात. श्वास मोजा. दारुड्याचाही असाच जीव जाऊ शकतो, तेव्हा जो उठत नाही, तो झोपलाय असं धरूच नका. कुशीवर वळवा, श्वास थांबत असेल तर तोंडाने द्या आणि दवाखान्यात न्या. तिथे नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. ते मिळालं की बहुतेक जण काही मिनिटांत डोळे उघडतात.

वेळेचं म्हणाल, तर कधी काही मिनिटंच मिळतात. पण पुष्कळदा एक-दोन तास मिळतात, कधी तीनही. जीव लगेच जात नाही, हीच तर सांगायची गोष्ट आहे. तेवढ्या वेळात तुमच्या चौकीत तीनदा चहा होतो. एकदा उठून बघायला काय जातं?

अजून काही चूक सापडली, तर जरूर कळवा. आम्हाला शिकायची लाज वाटत नाही. ती सोय फक्त तुमच्या खात्यात आहे.

धम्मदीप


खडकी
२३ ऑगस्ट २००९

चि. धम्मदीप,

उशीर झाला. स्वाइन फ्लूमुळे अक्षता घराबाहेर पडू देत नव्हती, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. रोज कागद घेऊन बसत होतो.

आम्हाला दोन तास दहा मिनिटं मिळाली होती.

संतोष रस्त्याच्या कडेला मेला नाही. तुझा हात मी पाहिला होता. गाडी थांबली होती. आम्ही त्याला उचलून चौकीत आणला आणि भिंतीकडेला फरशीवर उताणा टाकला. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. थोड्या वेळाने तो घोरायला लागला. तुझ्या कागदात लिहिलंय तसंच, घशात पाणी अडकल्यासारखं. सोनबा नावाचा नवा शिपाई होता. तो म्हणाला, "हवालदारसाहेब, याचे ओठ काळे पडलेत. दवाखान्यात नेऊ या का?" मी म्हणालो, "राजे झोपलेत, झोपू दे. उतरली की उठतील." सगळे हसले. हसले म्हणून मी त्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. आणखी हसले. चहा आला. तीनदा नाही, दोनदा. साडेचारला आवाज थांबला, तेव्हा मी म्हणालो, "सुटलो बुवा, डोकं उठवलं होतं." सोनबा जाऊन वाकला आणि तिथेच खाली बसला.

चौकीत मेला असं निघालं, तर सगळे घरी बसू, असं साहेब म्हणाले. डायरी माझ्याकडे असायची, अक्षर चांगलं म्हणून. रस्त्याच्या कडेला मृतावस्थेत आढळला, हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या दिवशी वेणूबाईला तुझं नाव सांगितलं. कुणीतरी टाकून गेला असेल, तरच तो रस्त्यावर मरणार ना. आणि तू गर्दुल्ला. तुला कोण विचारायला येणार होतं? तुझी आई शेवटपर्यंत तुझ्याशी धड बोलली नाही, तीही माझ्या शब्दावर.

अकरा वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की त्याने घेतली तेव्हाच तो मेला होता, आपण नुसता आवाज ऐकला. तुझ्या कागदाने ते काढून घेतलं. आणि तुझा तिरस्कार मी मनापासून केला, ते ढोंग नव्हतं. ज्याच्यावर खोटा आळ घेतला, त्याचाच राग येत राहतो. असे फिर्यादी मी चौकीत पुष्कळ पाहिले होते. आरशात पाहिला नाही.

मुद्दा क्रमांक चार बरोबर आहे. त्यात काही बदलू नका.

रामदास


शनिवार पेठ
२७ ऑगस्ट २००९

रामदास वाघमारे यांस,

'मामा' लिहायला हात धजत नाही.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी हसलो, हे तुम्हाला कळलेलं बरं. अकरा वर्षं मी माझ्या मित्राचा खुनी म्हणून जगलो. त्यातली पाच वर्षं तेवढ्यासाठीच गर्द ओढत राहिलो, मरावं म्हणून. आई गेली तेव्हा तिचा हात हातात घ्यायला गेलो, तर तिने काढून घेतला. आणि तुम्ही खडकीत गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता.

दीक्षा म्हणते, हे पत्र पोलिसांत दे. मी म्हटलं, कुठल्या? डायरी लिहिणाऱ्या?

माझी माफी मागितली नाहीत, ते बरं केलंत. मागितली असती, तर पत्र परत पाठवलं असतं. दोन कामं करा. वेणूबाई हिंजवडीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात, दुपारी चारला घरी येतात. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा तोंडाने सांगा. राजे झोपलेत म्हणालात, तेही सांगा. नक्कल केलीत, तेही. काही गाळलंत तर मला कळेल, कारण हे पत्र घेऊन मी मागून जाणार आहे.

दुसरं, वरिष्ठांना लेखी द्या. अक्षर चांगलं आहेच.

धम्मदीप


खडकी
१४ सप्टेंबर २००९

चि. धम्मदीप,

दोन्ही कामं केली.

लेखी जबाब दिला. घेणारा अधिकारी तिशीतला होता. वाचून म्हणाला, "काका, अकरा वर्षांनी हे काय काढलंत? पेन्शन पचत नाही का?" मी म्हणालो, "पोच द्या." दिली. पुढे काय व्हायचं ते होईल. अक्षताला सगळं सांगितलं. ती ताटात वाढते, बोलत नाही.

वेणूबाईकडे आधी गेलो होतो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मला ओळखलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. तुझ्या पत्रातली यादी डोक्यात होती, काही गाळलं नाही. नक्कल केली म्हणालो, तेव्हा तिचा हात सुपात थांबला. मग तिने विचारलं, "घोरत होता, म्हणजे झोपेतच गेला ना? त्रास नाही ना झाला त्याला?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तुला कळलंही नसतं. पण म्हणालो, "बाई, झोपला नव्हता. मरत होता. दवाखान्यात नेला असता, तर बहुतेक वाचला असता."

"आणि तो धम्मदीप?"

"त्याने गाडीला हात करून आमच्या हवाली केला होता."

बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली. खडा नव्हता, तरी निवडत होती. मग सुपाकडे बघत म्हणाली, "मी त्याच्या दारात थुंकले हो." मी उभाच आहे असं पाहून म्हणाली, "जा आता. तुम्हाला शिवी द्यायची म्हटलं, तरी माझं तोंड बाटेल."

गेलो.

तुमच्या वर्गाला मी येईन. नुसता बसायला नाही, बोलायला.

रामदास


शनिवार पेठ
१९ सप्टेंबर २००९

रामदास वाघमारे यांस,

पोलिसांचा पुढचा वर्ग मंगळवारी, ६ ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजता आहे. आमच्या खोल्यांच्या खालच्याच हॉलमध्ये. या वेळी वस्तीतल्या बायकाही एकत्र बसतील, दीक्षाची कल्पना. पोलिसांना आवडणार नाही, म्हणून मला आवडली.

मी त्या दिवशी नसेन. तुमच्याबरोबर एका छपराखाली बसण्याइतका मोठा मी झालेलो नाही. होईन असं वाटतही नाही. दीक्षा वर्ग घेईल.

वेणूबाई परवा इथे आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. मीही उठून उभा राहिलो. मग म्हणाल्या, "पाणी देतोस का?" मी तांब्या-भांडं दिलं. सगळा तांब्या प्यायल्या. तहान नव्हती, मला दिसत होतं. जाताना दीक्षाला विचारलं, वर्ग कधी आहे.

त्या दिवशी काय घडलं, ते मला लिहून कळवा. डायरीत लिहायचात तसं नको. घडलं तसं.

धम्मदीप


खडकी
७ ऑक्टोबर २००९

चि. धम्मदीप,

घडलं तसं लिहितो.

चोवीस पोलीस होते. पुढच्या रांगेत वस्तीतल्या बायका होत्या, म्हणून पोलिसांनी मागे गर्दी केली होती. दीक्षाबाईंनी माझं नाव आणि हुद्दा सांगितला, तसे दोन जुने लोक हसून नमस्कार करू लागले. मी बोलायला लागल्यावर त्यांचे हात खाली गेले. चौकी, वेळ, सोनबा काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं सांगितलं. मागे एक पोरसवदा उपनिरीक्षक शेजारच्याला म्हणाला, "म्हाताऱ्याला झोप लागत नाही, म्हणून आपली सकाळ फुकट." मला ऐकू गेलं. मी म्हणालो, "खरं आहे साहेब. तुम्हाला लागते, कारण तुमच्या फरशीवर अजून कुणी मेला नाही." एक जण म्हणाला, "दवाखान्यात नेला आणि वाटेत मेला, तर आमच्यावरच येणार." मी म्हणालो, "येईल. माझ्यावर काहीच आलं नाही, साहेब. बढती मिळाली." त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. कुणी झोपलंही नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

मग दीक्षाबाई म्हणाल्या, कुशीवर वळवायचं दाखवते, कुणीतरी सतरंजीवर झोपा. चोवीस जण एकमेकांकडे बघत राहिले. कुणाची इस्त्री मोडत होती, कुणाची कंबर धरली होती. बायकांतून आवाज आला, "हे झोपतील." वेणूबाई होती. माझ्याकडे बोट होतं.

मी सतरंजीवर उताणा झोपलो. वळवायला कोण येतं, असं दीक्षाबाईंनी विचारायच्या आत ती उठली आणि पदर खोचून माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. दीक्षाबाई सांगत गेल्या आणि ती करत गेली. हात असा ठेवा, गुडघा वाकवा, खांद्याला आणि कमरेला धरून आपल्याकडे ओढा. तिने मला पोत्यासारखं वळवलं. हनुवटी धरून डोकं मागे केलं. मग माझ्या तोंडाशी कान आणून श्वास ऐकत राहिली. ऐकण्यात जरा जास्तच वेळ गेला.

उठून तिने दीक्षाबाईंना विचारलं, "एवढंच करायचं होतं?"

दीक्षाबाई काहीतरी सांगू लागल्या, की दवाखान्यातही न्यायचं असतं, श्वास बघत राहायचं असतं. वेणूबाईचं लक्ष नव्हतं. ती पुन्हा वाकली आणि या वेळी मला विचारलं, "एवढंच होतं, हवालदार?"

मी कुशीवर पडून होतो. "हो," म्हणालो.

रामदास